महाविद्यालय निवडण्यापूर्वीं

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं आमच्या वाशीम जिल्ह्यांत घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : आतां पुढें काय? वास्तविक हा प्रश्न निकालानंतर विचारावयाचा नव्हे; तो निदान दोन वर्षें आधीं विचारला पाहिजे. निकालानंतर हातीं थोडे दिवस असतात, शेजाऱ्याचा सल्ला असतो, चौकांतील जाहिरातीचा फलक असतो. विचारास मात्र अवकाश नसतो. म्हणून विद्यार्थी व त्यांचे पालक ह्या उभयतांशीं ह्या विषयावर चार शब्द स्पष्टपणें बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. त्यानें आधीं स्वस्थ बसून खर्चाचा अंदाज घेतला नाहीं, तर पाया घातला जातो, पण इमारत अर्धवट राहते, आणि लोकांस हसावयास निमित्त मिळतें. प्रभूनें हा दाखला शिष्यत्वाविषयीं दिला हें खरें. तथापि मुलाच्या शिक्षणाचा बुरूज उभारणाऱ्या आईबापांसही तो तितकाच लागू पडतो. आमच्या मतें असे हिशेब तीन आहेत : मुलाचा, पैशाचा व महाविद्यालयाचा.

त्यापूर्वीं थोडें मागें वळून पाहूं. आमच्या आजोबा-पणजोबांपुढें निवडीचा प्रश्नच नव्हता. नागपुरास स्कॉटिश मिशनचें हिस्लॉप कॉलेज इ. स. १८८३ सालीं निघालें व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं. वऱ्हाडांत अमरावतीचें किंग एडवर्ड कॉलेज सुरू होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. ज्याच्या घरीं ऐपत असे तो जाई. बाकीचे शेतावर जात. अमरावती जिल्ह्यांतील पापळ ह्या खेड्यांत २७ डिसेंबर १८९८ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत व पुढें विलायतेस एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथें शिकले. परत आल्यावर त्यांनीं अमरावतीस खेड्यांतील मुलांकरितां श्रद्धानंद छात्रालय काढलें, आणि १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. ह्यांत एक मोठा बोध आहे. खेड्यांतील मुलाला नुसतें कॉलेज असून भागत नाहीं. राहावयास जागा व जेवावयास ताट हेंही लागतें. हें ज्यानें ओळखलें, त्यानें शेकडों घरांचें दार उघडलें.

आज परिस्थिति पालटली आहे. अमरावतीस १ मे १९८३ रोजीं विद्यापीठ झालें. त्याला पुढें संत गाडगेबाबांचें नांव मिळालें. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. तालुक्यांच्या गांवीं महाविद्यालयें आलीं. पूर्वीं वाट नव्हती ही अडचण होती. आतां वाटा पुष्कळ आहेत ही अडचण आहे.

पहिला हिशेब मुलाचा. मुलगा हुशार असला कीं तो डॉक्टर किंवा इंजिनियर झालाच पाहिजे, असा एक समज आमच्यांत रुजला आहे. परंतु बुद्धि एकाच जातीची नसते. कोणास यंत्र उघडून पाहण्याची हौस असते, कोणास आजाऱ्याची सेवा करण्यांत गोडी वाटते, कोणाचें मन मातींत व पिकांत रमतें, कोणी हिशेबांत पक्का असतो. पालकांनीं वर्षभर नुसतें पाहावें : कोणी न सांगतां मुलगा कोणतें पुस्तक उघडतो, कोणत्या कामांत वेळेचें भान विसरतो? मग त्यास अनुरूप वाट शोधावी. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पुढें इंजिनियरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट जातां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शेतीची आवड असणाऱ्यास अकोल्याचें, पंजाबरावांच्याच नांवाचें, कृषि विद्यापीठ जवळ आहे. तें १९६९ सालीं स्थापन झालें. परिचर्येचा अभ्यासक्रम हा तर सेवा व उपजीविका ह्यांचा सुंदर मिलाफ आहे. आणि कला किंवा वाणिज्य शाखा म्हणजे नापासांची शाखा, हा ग्रह जितक्या लौकर टाकून देऊं तितकें बरें.

दुसरा हिशेब पैशाचा. येथें पालक शिक्षणशुल्क तेवढें मोजतात व बाकीचें विसरतात. एक उदाहरण घेऊं. समजा, खोलीचें भाडें दरमहा २,५०० रुपये, खाणावळ ३,५०० रुपये आणि प्रवास, पुस्तकें व किरकोळ मिळून १,००० रुपये. महिन्याचे ७,००० झाले. दहा महिन्यांचे ७०,००० आणि तीन वर्षांचे २,१०,००० रुपये. शिक्षणशुल्काचा एक पैसाही ह्यांत धरलेला नाहीं. सोयाबीन व तूर ह्यांवर ज्या घराचा संसार चालतो, त्या घरानें हा आकडा कागदावर मांडून, मुलाला शेजारीं बसवून, मोठ्यानें वाचावा. पुष्कळ आईबाप कर्ज काढतात पण मुलास कळूं देत नाहींत. त्यांचें प्रेम आम्ही जाणतों. परंतु ज्याला किंमत ठाऊक नाहीं, त्याला वस्तूची जपणूक करतां येत नाहीं. उलट कांहीं घरीं रोज कर्जाचा उच्चार होतो. तेंही मुलाच्या मनावर ओझें होतें. एकदां स्पष्ट सांगावें व पुन्हां पुन्हां बोलून दाखवूं नये.

ह्याच हिशेबांत शिष्यवृत्तीची बाजूही येते. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, ह्यांपैकीं आपणांस जे लागू असतील ते निकालाची वाट न पाहतां तयार करावे. जात पडताळणीस वेळ लागतो. गुण असूनही कागद नाहीं म्हणून जागा गमावण्यासारखें दुसरें दुःख नाहीं. मुलींच्या पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांस सरकारच्या केंद्रीय प्रवेशपद्धतीनें व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा मिळाल्यास, २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारनें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. संस्थेच्या कोट्यांतून घेतलेल्या प्रवेशास ही सवलत नाहीं, व खाण्याराहण्याचा खर्च त्यांत येत नाहीं. तेव्हां "मुलीच्या शिक्षणास पैसा कोठून आणावा?" हें म्हणण्यापूर्वीं चौकशी करावी. भावासाठीं शेत गहाण पडावें आणि बहिणीसाठीं बसचा पासही जड व्हावा, हा न्याय ख्रिस्ती घरास तर नाहींच, पण कोणत्याही घरास शोभत नाहीं.

तिसरा हिशेब महाविद्यालयाचा. इमारत पाहून भुलूं नये. ज्या अभ्यासक्रमास जावयाचें त्यास योग्य त्या परिषदेची मान्यता आहे काय? विद्यापीठाशीं संलग्नता आहे काय? राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेनें, म्हणजे नॅकनें, कोणती श्रेणी दिली आहे? प्रयोगशाळेला कुलूप आहे कीं तेथें मुलें काम करीत आहेत? वसतिगृहाचे, विशेषतः मुलींच्या वसतिगृहाचे, नियम व देखरेख कशी आहे? सर्वांत उत्तम म्हणजे एखाद्या साध्या कामाच्या दिवशीं तेथें स्वतः जावें व दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावें : तास नियमित होतात काय? जाहिरात जें सांगत नाहीं, तें विद्यार्थी सांगतो. "माझा मित्र तेथें चालला आहे" हें मात्र निवडीचें कारण नव्हे. मित्राची वाट मित्राची, तुमची वाट तुमची.

येथें एका रूढीविषयीं बोलणें भाग आहे. नांव गांवाकडील कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि मुलगा मात्र लातूर, नांदेड किंवा दूर कोट्यास शिकवणीच्या वर्गांत, असा प्रकार आमच्याकडे वाढत आहे. शिकवणी वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. पण सोळा वर्षांच्या मुलाला घर, शाळा, मैदान व मंडळी ह्या सर्वांपासून एकदम तोडून केवळ एका परीक्षेस जुंपलें, आणि ती परीक्षा हुकली, तर त्याच्या हातीं दुसरें काय उरतें? प्रयोगशाळेंत तो कधीं उभा राहिलेला नसतो. आणि आपण घरच्यांचे अपराधी आहों, असें त्यास वाटूं लागतें. तें मूल आपलें आहे, गुणपत्रिका नव्हे, हें त्यास परीक्षेच्या आधीं सांगावें. नंतर सांगितलेलें सांत्वन वाटतें, आधीं सांगितलेलें बळ देतें.

आतां तयारीविषयीं. विद्यार्थ्यांनो, मराठी माध्यमांतून विज्ञानाकडे जाणाऱ्यास पहिली ठेच लागते ती विषयाची नव्हे, शब्दांची. म्हणून नववीपासूनच एक वही करा; डाव्या बाजूस मराठी शब्द, उजव्या बाजूस इंग्रजी : त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन, जडत्व म्हणजे इनर्शिया, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस. रोज पांच शब्द लिहिले तर दोनशें दिवसांत एक हजार होतात. दुसरें, अकरावी हें विश्रांतीचें वर्ष समजूं नका. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेंत अकरावी व बारावी ह्या दोन्ही वर्षांचा अभ्यास येतो, आणि चुकीच्या उत्तरास गुण कापले जातात; राज्याच्या सीईटींत गुण कापले जात नाहींत, पण तींतही अकरावीच्या अभ्यासाचा वांटा असतोच. तिसरें, एकच वाट धरून बसूं नका. कागदावर तीन नांवें लिहा : मिळालें तर उत्तम असें एक, मिळण्याजोगें एक, आणि खात्रीचें एक. तिसऱ्या नांवाची लाज बाळगूं नका. जवळच्या साध्या महाविद्यालयांत मन लावून शिकणारा, दूरच्या मोठ्या महाविद्यालयांत भटकणाऱ्याच्या पुढें जातो.

चौथें, जें वसतिगृहांत कोणी शिकवीत नाहीं, तें घरींच शिका : स्वतःचे कपडे धुणें, दोन भाकरी थापणें, महिन्याचा खर्च लिहून ठेवणें, बँकेंतील व कचेरींतील काम स्वतः करणें, आणि नको त्या संगतीस नम्रपणें "नाहीं" म्हणणें. हें मुलींइतकेंच मुलांनींही शिकावयाचें आहे.

बुरूज एका दिवसांत उभा राहत नाहीं, आणि त्याचा पाया कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तो पाया आज, ह्याच घरांत, दिव्याखालीं उघडलेल्या पुस्तकावर व मनमोकळ्या बोलण्यावर घातला जात असतो. पालकांनीं हिशेब करावा, पण मुलास तोलूं नये. मुलांनीं स्वप्न पाहावें, पण आईबापांचे हात विसरूं नयेत. मग महाविद्यालय जवळचें असो वा दूरचें, तेथून परत येणारें मूल आपल्या गांवाच्या उपयोगी पडेल, अशी आमची आशा व प्रार्थना आहे.