नांव नव्हे, क्रमांक : माहितीच्या कोष्टकांचा पहिला पाठ

आपल्या उपनगराचें नांव आम्ही जुन्या वळणाचे लोक ‘गोरेगांव’ असें लिहितों. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणें तें ‘गोरेगाव’ असें होतें. वाचकास दोन्ही एकच. संगणक मात्र अक्षरें तेवढीं ताडून पाहतो. त्याच्या लेखीं हीं दोन निराळीं गांवें होत. उलटपक्षीं रायगड जिल्ह्यांत एक गोरेगांव आहे, गोंदिया जिल्ह्यांत आणखी एक. अक्षरें सारखीं असल्यामुळें तीं त्यास एकच वाटतात.

टपालखात्याचीही हीच अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्यांनीं (हे संस्कृत कवीही होते) सहा आंकडी पिनकोड योजिला, व १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. गोरेगांव पूर्व टपालकचेरीचा आंकडा ४०००६३. तो बिनचूक असला म्हणजे अनुस्वारावांचून पत्राचें अडत नाहीं.

माहिती साठविण्याच्या शास्त्रांतही नांवाऐवजीं असाच क्रमांक कामास येतो. १९७० सालीं आय्. बी. एम्. कंपनींतील एडगर कॉड ह्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, माहिती साध्या कोष्टकांत मांडावी आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध त्यांतील समान नोंदींनींच जोडावा. ह्या तत्त्वावर चालणारी ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ ही प्रणाली सर्वांस मोफत मिळते, व तिची अंतर्रचना कोणासही वाचतां येते. तिचा आरंभ १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांत झाला. हल्लींचें नांव १९९६ मधील.

आतां शाळेच्या ग्रंथालयाचें उदाहरण घेऊं. एकाच लांबलचक वहींत विद्यार्थ्याचें नांव, पत्ता, पुस्तक व तारीख लिहीत गेलें, तर दहा पुस्तकें नेणाऱ्या मुलाचा पत्ता दहा वेळां लिहावा लागतो. तो बोरिवलीस राहावयास गेला, नऊ ठिकाणीं दुरुस्ती झाली, दहावी राहिली, कीं स्मरणपत्र जुन्या बिऱ्हाडीं जावयाचें! म्हणून तीन कोष्टकें करावींत : ‘विद्यार्थी’, ‘पुस्तकें’ आणि ‘देवघेव’. पत्ता फक्त पहिल्यांत, एकदांच. प्रत्येक विद्यार्थ्यास व पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीस स्वतंत्र क्रमांक. ह्यास ‘प्रायमरी की’ म्हणतात. देवघेवींत केवळ हे दोन क्रमांक व तारखा येतात.

तेथील क्रमांक पहिल्या दोन कोष्टकांशीं बांधून देतां येतो; त्या बंधनास ‘फॉरेन की’ असें नांव आहे, आणि मला तरी साऱ्या विषयांत हेंच अधिक मोलाचें वाटतें. पटावर नसलेल्या मुलाच्या क्रमांकावर पुस्तक देऊं गेल्यास प्रणाली नोंद नाकारते. शाळा सोडणाऱ्या मुलाचें नांव काढूं गेल्यासही, देवघेवींत त्याची ओळ आहे तोंवर, ती तें काढूं देत नाहीं. कारकुनाच्या स्मरणावर सोंपविलेलें काम येथें नियमानेंच होतें. पुढें ‘जॉइन’ ह्या शब्दानें तिन्ही कोष्टकें जुळवून, कोणाकडे कोणतें पुस्तक राहिलें, हें क्षणांत विचारतां येतें.

पवईच्या आय्. आय्. टी.नें ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या नांवानें मुक्त प्रणालींचे धडे मराठींतूनही काढले आहेत. परंतु संगणक उघडण्यापूर्वीं कागदावर पेन्सिलीनें कोष्टकें आंखावींत. सरावासाठीं एक प्रश्न देतों : दोन भावंडें ह्याच शाळेंत असतील, तर घरचा पत्ता कोणत्या कोष्टकांत ठेवावा? मुलांनीं आईवडिलांसह बसून हें कोष्टक आंखून पाहावें.