वेशभूषाकार : नाटकाचा एक साक्षेपी वाचक

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास,
• ‘आहार्य अभिनय’ व ‘नेपथ्य’ या संज्ञांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• संहितेतून वेश कसा घडतो, हे ‘एकच प्याला’च्या आधारे सांगता येईल.
• वेशभूषाकाराच्या कामाची व्यावहारिक बाजू विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

पडदा उघडतो. नटाने अद्याप एकही शब्द उच्चारलेला नसतो; तरीही समोर आलेली स्त्री सुखवस्तू घरची आहे की मोलमजुरी करणारी, हे प्रेक्षकाने ओळखलेले असते. ही ओळख त्याला वेशाने करून दिलेली असते. आपण नाटक पुस्तकात वाचतो, तेव्हा संवाद छापलेले असतात. वेश मात्र बहुधा छापलेला नसतो, किंवा असलाच तर कंसातील एखाद्या ओळीत असतो. ही मोकळी जागा संहितेच्या आधारे भरून काढणे हे वेशभूषाकाराचे काम. म्हणून या घटकात आपण त्याच्याकडे नाटकाचा वाचक म्हणून पाहणार आहोत.

२. संज्ञाविचार

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ‘आहार्य’ म्हणजे बाहेरून आणलेला. वेश, अलंकार, रंगभूषा यांचा त्यात समावेश होतो. भरताने या सर्वांसाठी ‘नेपथ्य’ ही संज्ञा वापरली असून पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे तिचे चार भेद केले आहेत.

येथे एक अर्थांतर लक्षात घ्या. संस्कृतात ‘नेपथ्य’ म्हणजे नटाचा वेश, तसेच तो वेश जेथे केला जातो ती पडद्यामागील जागा. आजच्या मराठीत मात्र ‘नेपथ्य’ म्हणजे रंगमंचावरील दृश्यरचना. वेशासाठी ‘वेशभूषा’ हा शब्द रूढ झाला आणि नाटकमंडळींच्या बोलण्यात कपड्यांच्या विभागाला ‘कपडेपट’ हे नाव मिळाले.

३. वेश हे चिन्ह

प्राग संप्रदायाचे अभ्यासक प्योतर बोगातिरेव्ह यांनी १९३० नंतरच्या दशकात लोकवेश आणि लोकनाट्य यांचा चिन्हमीमांसेच्या दृष्टीने अभ्यास केला. नाटकातील वेश हे चिन्हाचे चिन्ह असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रस्त्यात दिसणारा फाटका सदरा दारिद्र्याचे चिन्ह असतो. रंगमंचावरील फाटका सदरा मात्र वापरून फाटलेला नसतो. नवे कापड धुऊन, घासून, चहाच्या पाण्यात बुडवून त्याला जुनेपण आणलेले असते. ते पाहणाऱ्याला दारिद्र्याच्या त्या चिन्हाची आठवण करून देते. म्हणून ते जुनेपण किती असावे, हा अर्थाचा प्रश्न ठरतो.

४. उदाहरण : ‘एकच प्याला’तील सिंधू

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. ज्यांच्या भरजरी शालूंचे आणि नेसण्याच्या पद्धतीचे अनुकरण स्त्रिया करीत, त्या नटासमोर ही भूमिका आली. वकिलाची पत्नी असलेली सिंधू पतीच्या व्यसनापायी दळण दळण्याच्या अवस्थेला पोहोचते.

हा प्रवास वेशातून कसा दाखवाल? वेशभूषाकार प्रथम प्रवेशवार तक्ता करतो : पात्र कोणते, मागील प्रवेशापासून किती काळ लोटला, दरम्यान काय घडले. मग तो टप्पे ठरवतो. मराठी भाषा येथे त्याच्या मदतीला येते. वस्त्र आधी विटते, म्हणजे रंग उतरतो, नंतर विरते, म्हणजे पोत झिजतो, मग फाटते. त्यानंतर त्याला ठिगळ लागते, किंवा मधला विरलेला भाग कापून काढून दोन्ही बाजू जोडतात. यालाच ‘दंड घालणे’ म्हणतात. ही क्रियापदे म्हणजे एका घराच्या घसरणीच्या पायऱ्याच होत.

आता सूक्ष्म भेद पाहा. फाटके लुगडे केवळ दारिद्र्य सांगते. दंड घातलेले लुगडे सांगते, की कोणीतरी रात्री दिव्यापाशी बसून ते शिवले आहे. नेसणारीने स्वाभिमान सोडलेला नाही. सिंधूच्या स्वभावाशी यांपैकी कोणते जुळते? सोन्याचे मंगळसूत्र जाऊन गळ्यात काळी पोत उरली, तर संवादाची एक ओळही न वाढवता प्रेक्षकाला कथा कळते. उलट, अंगभर ठिगळे लावली तर वेशच करुणा मागू लागतो आणि संवादांना करण्यासारखे काही उरत नाही.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२). त्यात रांगेत उभे राहणारे पुरुष कधी मानवी पडदा होतात, कधी जमाव. तेथे वेशाने व्यक्तींमधील भेद पुसून समूह दाखवायचा असतो.

५. कपडेपटाचा व्यवहार

आपल्यापैकी काहींनी शिवणकाम केले असेल. त्यांना हा भाग जवळचा वाटेल. नाटकाचा कपडा शेवटच्या रांगेतूनही कळावा लागतो आणि रंगीत प्रकाशात त्याचा रंग बदलतो, म्हणून तो प्रकाशयोजनेत तपासावा लागतो. दोन प्रवेशांच्या मध्ये मिनिटभराचा अवधी असेल, तर शिवलेली नऊवारी किंवा बटणांमागे लपवलेले हूक उपयोगी पडतात. दौऱ्यावर भूमिका करणारा नट बदलू शकतो. त्यासाठी शिवणीत ‘माया’ सोडतात, म्हणजे कपडा उसवून सैल करण्यापुरते जादा कापड आत ठेवतात. प्रयोगानंतर घामाने भिजलेले कपडे वाळवणे, तुटलेले बटण लावणे, इस्त्री करणे ही कामे कपडेपट सांभाळणारी व्यक्ती करते. वेशभूषाकाराचे नाव श्रेयनामावलीत येते; या व्यक्तीचे नाव पुष्कळदा येत नाही. परंतु शंभराव्या प्रयोगातही सिंधूचे लुगडे नेमके तेवढेच विरलेले दिसावे, ही जबाबदारी तिचीच असते. प्रयोगाचा अभ्यास करताना या श्रमाची नोंद घेणे आवश्यक आहे.

६. सारांश

वेश हा आहार्य अभिनयाचा भाग आहे. वेशभूषाकार संहितेतील काळ, परिस्थिती आणि स्वभाव वाचून वस्त्रांची निवड करतो. संहितेने सांगितलेले तो दृश्य करतो आणि संवादांसाठी जागा राखतो.

स्वाध्याय

१. ‘नेपथ्य’ या शब्दाचे अर्थांतर थोडक्यात लिहा.
२. ‘नाटकातील वेश हे चिन्हाचे चिन्ह असते’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही नाटकातील एक पात्र निवडा. त्याच्या पहिल्या आणि अखेरच्या प्रवेशातील वेश ठरवा व प्रत्येक निवडीसाठी संहितेतील आधार द्या. आधार सापडत नसेल, तर ती निवड सोडून द्या.