हीटर घेण्याआधी शेड बघा

डिसेंबर लागला की गॅरेजवाले, फर्निचरवाले, लेथवाले हमखास विचारतात, "भाऊ, शेडसाठी हीटर कोणता घेऊ?" मी वायरिंगची कामं करतो. वाडी, हिंगणा एमआयडीसी, कामठी रोड या भागात माझा रोजचा राबता. नागपुरात हीटर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. निरभ्र आकाश, उत्तरेचं कोरडं वारं आणि डोक्यावर टिनाचा पत्रा असला, की सकाळी पान्हा हातात धरवत नाही. बोटं आखडली की पान्हा निसटतो आणि हाताला लागतं. म्हणून ऊब मागणाऱ्याला मी कधी टाळत नाही. मात्र दुकानात जाण्याआधी त्याची शेड बघून येतो.

बहुतेकांच्या डोक्यात घरातली खोली असते. दार लावलं, हीटर लावला, खोली तापली. शेडचं तसं नसतं. तीनशे चौरस फुटांचं टिनाचं छप्पर धरा. आत-बाहेर १० अंशांचा फरक राखायचा, तर नुसत्या छपरातून अंदाजे दीड ते दोन किलोवॅट उष्णता निघून जाते. म्हणजे २००० वॅटचा हीटर जवळपास पूर्ण पत्र्यानेच खाल्ला. वर शटर अर्धं उघडं आणि गिऱ्हाइकाची ये-जा. तीन तासांत ६ युनिट जळतात आणि मिस्त्री म्हणतो, "गरम काही होत नाही भाऊ, मोठा आणू का?" मोठा आणून उपयोग नाही. शेडची हवा तापवायचा नादच सोडा आणि काम करणारा माणूस तापवा. क्वार्ट्झ किंवा हॅलोजन नळीचा हीटर समोरच्या अंगाला थेट धग देतो, थंडीतल्या कोवळ्या उन्हासारखी. टेबलाजवळ, पाठीमागून, चार-पाच फुटांवर ८०० ते १००० वॅटचा असा हीटर पुरतो.

पण हे ज्याच्या हवेत पेट्रोल-थिनर नाही आणि जमिनीवर भुसा नाही, त्याच्यासाठी.

वाडीकडच्या एका गॅरेजातलं सांगतो. बोर्ड बसवायला मी तिथे होतो. एक पोरगा बाकाशी उकिडवा बसून पसरट ट्रेमध्ये पेट्रोल घेऊन कार्बोरेटर धूत होता. नळीचा हीटर त्याच्यापासून बराच लांब, जमिनीवर ठेवलेला. एवढ्या अंतरावर काय होणार, असं कुणालाही वाटावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, फरशीवरून सरकत जाते. आधी हीटरपाशी निळसर झाक दिसली आणि पापणी लवायच्या आत ट्रे पेटला. मिस्त्रीने ओलं पोतं टाकलं, मी मेन पाडला. पोराच्या मनगटापर्यंतची कातडी गेली. महिनाभराने त्याच्या बोटांना पुन्हा पान्हा धरता आला. तेव्हापासून पेट्रोल, थिनर किंवा स्प्रे-पेंटचं काम जिथे चालतं, तिथे मी हीटरचा पॉइंटच काढून देत नाही. तेलाचा रेडिएटर चालेल का, असं विचारतात. त्यात लाल कॉइल नसते हे खरं, पण त्याचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना आत ठिणगी पडतेच. धुण्याचं काम मोकळ्या अंगणात, उन्हं वर आल्यावर करावं. भरपूर वेळ असतो, नागपुरात दुपारी थंडी राहतेच कुठे?

सुताराच्या कारखान्यात ब्लोअर नको. तो भुसा आत ओढतो आणि थेट कॉइलवर नेऊन टाकतो. तिथे तेलाचा रेडिएटर बरा. तापायला वेळ घेतो, तेवढं सहन करावं. रोज झाडून, पुसून ठेवावा आणि त्यावर हातमोजे वाळत टाकू नयेत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. २००० वॅटचा हीटर सुमारे पावणेनऊ अँपियर ओढतो. ६ अँपियरच्या सॉकेटवर किंवा टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो तासभर चालला की प्लगची पिन तपकिरी पडते, प्लास्टिक मऊ होतं. असे करपलेले बोर्ड मी दर हिवाळ्यात बदलतो. हीटरला १६ अँपियरचं वेगळं सॉकेट, मेनपासून स्वतंत्र वायर, किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, पल्ला लांब असेल तर ४ ची. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. लोखंडी टेबल, ओली फरशी आणि जुनी वायर एकत्र असताना हा खर्च वाचवू नका. चार हीटर घ्यायचे असतील, तर आधी मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर बघा.

वीजबिलाच्या धाकाने काहीजण रात्रपाळीला शटर लावून कोळशाची शेगडी पेटवतात. हे मात्र हात जोडून सांगतो, करू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोप येतेय असंच वाटतं आणि माणूस उठत नाही. शेकोटी करायची तर शटरच्या बाहेर.

दुकानात गेलात की आधी आयएसआयचा शिक्का बघा. मग हीटर लावायला सांगा आणि आडवा पाडून बघा, आपोआप बंद झाला पाहिजे. जाळी एवढी दाट हवी की बोट आत जाणार नाही. दहा मिनिटं चालल्यावर वायर प्लगपाशी हातात धरून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल, तर तो हीटर तिथेच ठेवून या.