ट्रायथलॉनसाठी घड्याळ कोणतं?

प्रश्न : आमच्या आष्टीच्या अविनाश साबळेंचं २०२२चं राष्ट्रकुल रौप्य पाहून धावायला लागलो. आता ट्रायथलॉन करायचंय. घड्याळ कोणतं घेऊ? – एक वाचक, बीड

उत्तर : आधी ट्रायथलॉन मोड आहे का, ते बघा. १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं, सगळं एकाच नोंदीत येतं. टप्पा बदलला की बटण दाबायचं. बटणच हवं! ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. ५ एटीएम जलरोधकता आणि खुल्या पाण्यातला जीपीएस हवाच. हात पाण्याखाली गेला की सिग्नल तुटतो, त्यामुळे अंतरात थोडी तफावत राहणारच. सायकल-धावण्यात ठोके अचूक हवे असतील तर छातीचा पट्टा घ्या. गाणी, नकाशे यांवर पैसे घालू नका. बजेट तुटपुंजं असेल तर घड्याळ राहू द्या, आधी चांगलं हेल्मेट घ्या.