गप्प बसलेले नियम

प्रश्न : संगमनेरच्या एका पतसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. सुरिकाटा या घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालीसाठी काही नियम लिहिले, पण महिनाभरात एकही इशारा आला नाही. नियम बरोबर आहेत का?

उत्तर : इशारा नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरू नका. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले, ते 11 आणि 13 तारखेला, दोनच दिवसांत. म्हणून नियम आधीच तपासून घ्या.

प्रत्येक नियमासाठी दोन पीकॅप (पकडलेल्या पॅकेटांच्या) फायली ठेवा. एकीत नियमाने पकडायचा हल्ला, दुसरीत तसंच दिसणारं पण निरुपद्रवी काम. ही दुसरी लोक विसरतात आणि मग खोट्या इशाऱ्यांना कंटाळून नियमच बंद करतात! दोन्हींवर सुरिकाटा चालवा. नियमाचा क्रमांक पहिलीच्या नोंदीत दिसलाच पाहिजे, दुसरीच्या नोंदीत मुळीच नाही.

तुमच्याकडे मला आधी 'होम नेट'चा, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या पत्त्यांच्या यादीचा, संशय येतो. शाखांचे आयपी पत्ते त्यात आहेत का? नियमात 'एस्टॅब्लिश्ड'ची (जोडणी पूर्ण झालेली असण्याची) अट असेल, तर फायलीत टीसीपी हँडशेकही हवा. मधूनच पकडलेल्या पॅकेटांवर नियम बहुधा गप्पच राहील. एचटीटीपीएसच्या आतला मजकूर तर त्याला दिसतच नाही.

फायली जुन्या लॅपटॉपवर बनवा. खातेदारांची खरी माहिती त्यांत येऊ देऊ नका.