मोटार भरताना गाभा सांभाळा
— ऊस विकास अधिकारी



ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली की उसाची पाळी चुकते. आपण घाईने मोटार भरून आणतो. पण पुष्कळदा तीच मोटार पुन्हा तापते आणि पुन्हा जळते. दोष तारेचा किंवा कमी व्होल्टेजचा असू शकतो, तसा तो आतल्या लोखंडी गाभ्याचाही असू शकतो. गाभ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

गाभा कसा असतो?
स्टेटरचा गाभा अखंड लोखंडाचा नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्या एकावर एक रचून तो बनवितात. पत्र्यांमध्ये वीज अडविणारा पातळ थर असतो. आपली वीज ५० सायकलची. म्हणजे गाभ्यातील चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. यात दोन प्रकारे वीज वाया जाते. एक, चुंबकत्वाची दिशा फिरविण्यात. दुसरे, पत्रीत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरल्याने. पत्रीची जाडी निम्मी केली तर हा भोवऱ्याचा नाश चौथ्या हिश्श्यावर येतो. पत्र्या पातळ असतात त्या यासाठी.

कापण्याचा आणि दाबाचा परिणाम
बोथट कोयत्याने तोडलेला ऊस बुडाशी चिंबतो, तसेच डायने कापलेल्या पत्रीच्या कडेचे होते. तेथील पोलाद दाबले-ताणले जाऊन चुंबकत्व सहज वळत नाही व नाश वाढतो. गाभ्याचे दात मुळातच अरुंद आणि दोन्ही बाजूंनी कापलेले, म्हणून त्यांना याची झळ जास्त. डाय बोथट असेल तर कडेला धार उभी राहते आणि शेजारच्या पत्र्या एकमेकींस टेकतात. गाभा बाहेरून आवळला गेला तरी नाश वाढतो.

यावर उपाय म्हणून काही पत्र्या कापल्यानंतर भट्टीत, हवा लागू न देता, सुमारे ७५० ते ८०० अंशांवर तापवून हळूहळू थंड करतात. त्याने ताण निघून जातो.

मग गॅसच्या ज्योतीने तापवले तर बिघडले कुठे? बंधूंनो, ते सारखे नव्हे. ज्योत एकाच जागी लागते, पत्र्यांमधला थर जळतो, दात वाकतात. नंतर नवी तार कितीही चांगली घाला, गाभा तापतच राहणार. आणि ती उष्णता म्हणजे आपलीच वाया गेलेली वीज.

मोटार भरायला देताना
१. जुने वायंडिंग ज्योतीने जाळू देऊ नये. तापमान राखणारी भट्टी असावी व गाभा सुमारे ३७० अंशांच्या वर जाऊ नये.
२. दातांवर छिन्नी-हातोडा चालवू नये. वाकलेला दात ठोकून सरळ केला तरी ताण आत राहतो.
३. खाचा कानशीने घासू नयेत. पत्र्या एकमेकींस जोडल्या जातात.
४. मोटार नवी असतानाच, पंप न जोडता ती किती अँपिअर व वॅट घेते ते लिहून ठेवावे. भरून आल्यावर तसेच मोजावे. वॅट बरेच वाढले असतील तर गाभा तपासण्यास सांगावे.

तार पुन्हा भरता येते, बिघडलेला गाभा सहजी दुरुस्त होत नाही. म्हणून भरणावळीत चार पैसे वाचविण्यापेक्षा काम कसे होते ते समोर उभे राहून पाहावे, ही विनंती.