भिंतीवरचा तक्ता



सोनू, तुझ्या टीमच्या तक्त्याचा फोटो मिळाला. एचआरने स्वभावचाचणीची कार्यशाळा घेतली, टीममधल्या अकरा जणांच्या नावांपुढे चार-चार इंग्रजी अक्षरं आली आणि नुकतीच टीम लीड झालेली तू त्यावरून कामंही वाटायला घेतलीस. ‘आय’वाल्यांना, म्हणजे अंतर्मुखांना, क्लायंट कॉलवर बसवायचं नाही, डेडलाइन सांभाळायची ती ‘जे’वाल्यांनी, म्हणजे आधी ठरवून काम करणाऱ्यांनी. उत्साह समजण्यासारखा आहे. पण वाटणी पक्की करण्याआधी ही अक्षरं आली कुठून, ते ऐक.

ती ‘मायर्स-ब्रिग्ज’ स्वभावचाचणीची, आणि तिच्यामागे अमेरिकेतल्या मायलेकी आहेत, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीनेही घेतलेलं नव्हतं. आईला माणसांच्या स्वभावाचे प्रकार पाडण्याचा नाद होता. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं याच विषयावरचं जर्मन पुस्तक १९२१ साली निघालं आणि दोन वर्षांनी इंग्रजीत आलं. ते वाचल्यावर तिने आपली मांडणी मागे ठेवली आणि त्याची धरली. मुलगी रहस्यकथा लिहायची, तिच्या कादंबरीला बक्षीसही मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरल्या. कोणाला कोणतं काम मानवेल हे कळावं म्हणून इझाबेलने प्रश्नावली रचायला घेतली. चाचणी कशी बांधतात हे ती फिलाडेल्फियातल्या एका बँकेच्या कर्मचारी अधिकाऱ्याकडून शिकली. हेतू भला होता आणि चिकाटी तर दांडगीच. पण निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस प्रत्यक्षात सापडत नाही, असं स्वतः युंगच मानत होता. शिवाय ज्यावरून तू डेडलाइन वाटल्यास, ती ‘जे’ आणि ‘पी’ची जोडी त्याच्या मांडणीत अशी वेगळी नव्हतीच. ती मायलेकींची भर.

खरी अडचण पुढेच आहे. चार अक्षरं अशा चार जोड्यांतून येतात आणि त्यांचे मिळून सोळा प्रकार, म्हणजे ‘टाइप’, होतात. पण बहुतेक माणसं या जोड्यांच्या दोन टोकांना नसतात, मध्यावर दाटलेली असतात. चाचणी मात्र मध्यावरच रेघ मारते. मग दहावीच्या निकालात चौतीसवाला नापास आणि पस्तीसवाला पास होतो, तसं इथे होतं. आज दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी दिली की माणूस पलीकडच्या गटात. डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांचा टाइप बदलू शकतो असं दिसलं. म्हणजे पुढच्या महिन्यात तुझ्या अकरापैकी चार-पाच जणांची अक्षरं बदलली तरी नवल वाटायला नको.

‘पण प्रत्येक जण म्हणाला, अगदी मीच!’ असं तू लिहिलंयस. यावर १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने वर्गात एक खोडकर प्रयोग केला होता. त्याने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून वर्णन दिलं. मुलांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारांहून जास्त गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातला मजकूर प्राध्यापकमहाशयांनी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलला होता! रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचणाऱ्या आपल्या घराला हे कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

तरी ही चाचणी अगदीच पोकळ म्हणता येत नाही. मानसशास्त्रज्ञ ज्या पाच गुणांनी स्वभाव मोजतात, त्यांतल्या चारांशी तिच्या चार मापांचं बऱ्यापैकी जुळतं, असं मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ साली दाखवलं. निसटतो तो पाचवा, म्हणजे कोण किती लवकर घाबरतो, चिडतो, खचतो. रिलीजच्या आदल्या रात्री टीम लीडला हवी असते ती नेमकी हीच माहिती. पण ती ऐकायला कोणाला आवडते? म्हणूनच टाइपचा अहवाल इतका गोड लागतो आणि कार्यशाळेतून सगळे हसत बाहेर पडतात.

त्या हसण्याचा उपयोग मात्र करून घे. एरवी ‘तू मीटिंगमध्ये गप्प का असतोस?’ हा प्रश्न टोचतो, अक्षरांच्या निमित्ताने तो सहज विचारता येतो. कोणाला अजेंडा आदल्या दिवशी हातात हवा असतो, कोणाला बोलता बोलताच सुचतं. चूक कोणाला समोरासमोर सांगितलेली चालते, कोणाला आधी मेल हवा असतो. हे एकेकाशी चहाला बसून विचार आणि टिपून ठेव. गप्प मुलगा ‘आय’ आहे म्हणून त्याला क्लायंटपासून लांब ठेवलंस, तर दोन वर्षांनी बढतीच्या वेळी ‘याला क्लायंटचा अनुभव नाही’ असा शेरा पडेल, आणि तो अनुभव त्याच्यापासून लांब ठेवणारी तूच असशील. त्याला प्रश्न आदल्या दिवशी दे आणि कॉलवर बसव.

दक्षिण कोरियात हे वेड इतकं वाढलं की काही नोकरीच्या जाहिरातींतही टाइप विचारला जाऊ लागला. गंमत म्हणजे ही चाचणी विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरभरतीसाठी ती वापरू नये. कामं वाटण्यालाही तोच न्याय लाव.

आणखी एक. तुझ्या तक्त्यात तिघांच्या नावांपुढे चार अक्षरांनंतर आडवी रेघ आणि मग ‘ए’ किंवा ‘टी’ आहे. ही खूण इंटरनेटवरच्या लोकप्रिय फुकट चाचणीची. मूळ चाचणीत असं पाचवं अक्षर नसतं, आणि त्या संकेतस्थळाने अक्षरं तीच ठेवली असली तरी आतलं मोजमाप आपलं वेगळं बांधलं आहे. म्हणजे तिघांनी बहुधा कार्यशाळेचा कंटाळा करून मोबाइलवर काम उरकलं आणि एका तक्त्यात दोन चाचण्या मिसळल्या. एचआरला विचारून हा घोळ निस्तर. तोवर तक्ता भिंतीवरून उतरव, आणि अप्रेझलच्या फाइलमध्ये त्याची प्रत अजिबात जाऊ देऊ नकोस.

दिवाळीत घरी येशील तेव्हा ताईला ही चाचणी द्यायला लावू नकोस. तिचे सोळाही प्रकार सकाळच्या चहापर्यंत होऊन जातात.

तुझा,
मामा